साहेबांची फांदी

लखनौजवळ मलिहाबादला शफाअत खाँच्या बागेत एक झाड असं होतं, की त्याच्या सगळ्या फांद्या दशहरीच्या आणि एकच फांदी हापूसची. ती फांदी धनंजय मयेकरांची. कुठल्या कागदावर तशी नोंद नव्हती. पण शफाअतची नातवंडं, बागेचा राखणदार, हंगामात आंबे उतरवायला येणारी माणसं, सगळी तिला 'साहब की डाल' म्हणत, आणि तिच्या दिशेनं दगड भिरकावायची कोणाची छाती नव्हती. माकडांना तेवढी समज नव्हती, म्हणून शफाअतनं तिच्याभोवती एक जुनी मच्छरदाणी गुंडाळली होती.

हे मयेकर साहेब मूळचे देवगडचे. पोटापाण्यासाठी लखनौला आले आणि इथंच रुजले, म्हणजे निदान लोकांच्या मते रुजले. छोट्या बागायतदारांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेत ते फळबागांचे तज्ज्ञ होते. ज्याच्याकडं दोन-तीन बिघे जमीन आणि मोजकी झाडं, अशा माणसाला विद्यापीठ लांब पडतं आणि औषधांचा दुकानदार जवळ. मग दुकानदार जे डबे खपत नाहीत ते त्याच्या गळ्यात मारतो. तसं होऊ नये म्हणून मयेकर दर गुरुवारी मोबाइलवर बोलून एक संदेश पाठवत. "नमस्कार बागबान भाइयों, मैं मयेकर." मग तुडतुडे दिसले तर काय फवारायचं, पाणी कधी तोडायचं, फळांवर कागदी पिशव्या कधी चढवायच्या. इतकी वर्षं लखनौत काढूनही त्यांच्या हिंदीचा मालवणी हेल काही गेला नव्हता. मलिहाबादची पोरं त्यांची हुबेहूब नक्कल करत. पण फवारणीचा पंप खांद्याला लावायचा तो मयेकरांचा संदेश ऐकूनच, हेही तितकंच खरं.

आणि दर वर्षी, कलमं बांधायच्या दिवसांत, त्यांच्या संदेशात एक वाक्य असायचंच. हापूस इथं लावू नका. इथली थंडी वेगळी, हवा वेगळी. मोहोर येईल, पण त्याचा नुसता गड्डा होईल, ज्याला इकडं गुम्मा म्हणतात. झाड दिसेल झकास आणि फळ धरणार नाही. मॉलमधला भाव बघून भुलू नका.

असं जगाला सांगणाऱ्या माणसाची स्वतःची हापूसची फांदी होती. आता बोला.

त्याचं असं झालं. मयेकरांचे वडील, पंढरीनाथ मयेकर, यांनी देवगडच्या घरामागं एक कलम लावलं होतं. बाग वगैरे काही नाही, एकच कलम, विहिरीच्या अंगाला. ते गेल्यावर भावाभावांत वाटण्या झाल्या, मागची जागा विकायची ठरली, आणि घेणाऱ्याला तिथं पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. मयेकर वर्षश्राद्धाला गेले तेव्हा कलमाच्या बुंध्यावर चुन्याची खूण झालेली होती. कोणाशी भांडायचा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी गपचूप चार-पाच कलमकाड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि गाडीच्या प्रवासात तान्ह्या पोरासारख्या सांभाळत लखनौला आणल्या. कल्याण गेलं, भुसावळ गेलं, इटारसी गेलं, दर मोठ्या स्टेशनावर फडकं ओलं करायचं. समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, कुठल्यातरी देवाचा प्रसाद असावा.

लखनौला आणल्या खऱ्या, पण बांधायच्या कुठं? घर जानकीपुरममध्ये तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा त्यांना शफाअत खाँ आठवला. शफाअत त्यांच्या सल्ल्याबाहेर नव्हता. त्याचीच बाग ते इतरांना दाखवायला न्यायचे. मयेकर जरा चाचरतच म्हणाले, "शफाअत भाई, एक डाल का सवाल है."

"डाल क्या चीज है साहब," शफाअत म्हणाला, "पेड़ आपका."

एका फांदीनं कोणाचं काय बिघडणार, असं तेव्हा मयेकरांना वाटलं. तज्ज्ञ माणूसही शेवटी माणूसच. काड्यांपैकी एक जगली.

ती जगली, वाढली, तिची मनगटाएवढी फांदी झाली, पण फळ म्हणाल तर नाव नको. पहिली काही वर्षं मोहोरच नाही. मग मोहोर आला तो सगळा गुम्मा. मग एका वर्षी वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या आणि पंधरवड्यात गळून गेल्या. मयेकर सांगत होते तसंच सगळं होत होतं, अगदी शब्दन् शब्द. दुसऱ्या कोणाचं झाड असतं तर त्यांनी बोट दाखवून म्हटलं असतं, बघा, सांगितलं नव्हतं? इथं मात्र ते फाल्गुनात काही ना काही निमित्त काढून मलिहाबादला जायचे, फांदीखाली उभे राहायचे आणि मान खाली घालून परत यायचे. त्यांची बायको सुरेखा मिरजेची, जिभेला धार असलेली. ती दार उघडताना विचारायची, "काय म्हणतेय आमची सवत?"

ते हसण्यावारी न्यायचे. पण सुरेखाला माहीत होतं की हा माणूस घरात असतो आणि नसतोही. संध्याकाळी गॅलरीत उभा राहिला की डोळे समोरच्या टाकीवर आणि मन तिकडं, विहिरीच्या अंगाला. मुलगी मैत्रेयी कॉलेजात. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. ती देवगडला लहानपणी दोनदा गेली होती आणि तिच्या लक्षात राहिले होते ते फक्त डास. मयेकरांना कधीकधी वाटायचं, आपण मेल्यावर त्या विहिरीची, त्या कलमाची आठवण असलेला माणूस या घरात कोणी उरणार नाही. या विचारानं त्यांचा जीव खरोखर कासावीस व्हायचा. बाजारात हापूस मिळत नाही असं नाही. पेट्या येतात, लोक हौसेनं घेतात. पण तो कोणाच्या तरी बापाचा हापूस. आपल्या बापाचा त्या एका फांदीवर.

आणि यंदा त्या फांदीला फळ धरलं. सात आंबे.

मयेकरांनी कोणाला सांगितलं नाही. संस्थेत नाही, गुरुवारच्या संदेशात तर नाहीच. मूग गिळून बसले. पण मे महिनाभर त्यांच्या चालण्यात काहीतरी निराळं होतं. सुरेखा म्हणाली, "अहो, शीळ काय वाजवताय? या वयात?" त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि या खेपेला सवतीचं नाव काढलं नाही.

जून सरत आला. मलिहाबादची दशहरी बरीचशी उतरून झाली होती, रस्त्याकडेला रिकाम्या क्रेटच्या थप्प्या लागल्या होत्या. हापूस उशिराचा, अजून हिरवा, पण देठाशी खांदे भरलेले, उतरवायला झालेला. एका रविवारी मयेकर गाडी काढून निघाले. गेल्या गेल्या त्यांनी मच्छरदाणी बाजूला केली, आंबे मोजले, सात भरले. मग नजर शेंड्यांकडं गेली.

शेंड्यांची पानं कोणीतरी काढली होती. ओरबाडून नाही, माकडांनीही नाही. सिकेटरनं, छाटणीच्या कात्रीनं, नीट, प्रत्येक पानाचा देठ तेवढा ठेवून. असं माणूस एकाच कारणासाठी करतो. कलमकाडी घ्यायची असली की आठवडाभर आधी तिची पानं उतरवायची, म्हणजे डोळे फुगतात आणि काडी चटकन जीव धरते. काढलेल्या पानाचा देठ बोट लागताच गळून पडला, की समजायचं, काडी तयार. हे सगळं बागायतदारांना कोणी शिकवलं, तर मयेकरांनीच. त्याचा व्हिडिओ करून गेल्या वर्षी सगळ्यांना पाठवला होता.

शफाअत खाटेवरून उठून आला. चेहऱ्यावर चोरी धरली गेल्याचा भाव नाही, उलट पोरानं पहिला नंबर काढल्यासारखा आनंद.

"आपको बताने ही वाला था साहब. देखिए, जैसा आपने सिखाया था, वैसा ही किया है."

"ये किस लिए, शफाअत भाई?"

मग शफाअतनं सांगितलं. त्याच्या बागेच्या मागच्या बाजूला त्यानं स्वतः लावलेली तीस झाडं होती, ऐन भरातली. ती सगळी वरून छाटायची आणि त्यांच्यावर हापूस बांधायचा. माणसं ठरली होती. शनिवारी छाटणी, पुढं कलमं. काड्या साहेबांच्या फांदीवरून. पहिल्या हप्त्याला एवढ्या, मग जशा फुटतील तशा. आणि तो एकटा नव्हता. त्यानं फांदीचा फोटो बागवानांच्या ग्रुपवर टाकला होता, मयेकर ज्या ग्रुपमध्ये नव्हते त्या, आणि आजूबाजूच्या कितीतरी जणांनी काड्या सांगून ठेवल्या होत्या.

मयेकर खाटेवर बसले. मग त्यांनी समजावायला सुरुवात केली. तीन-चार वर्षं तर या झाडांना काहीच लागणार नाही. त्यानंतर गुम्मा. ही फांदी तू डोळ्यांनी बघितली आहेस, इतक्या वर्षांत तिनं काय दिलं? एका वर्षी सात आंबे. सात आंब्यांवर घर चालतं का? दशहरी आहे, ती इथलीच आहे, ती तुला उपाशी ठेवणार नाही. ते बोलत होते ते सगळं खरं होतं, आणि वाक्यागणिक त्यांचं त्यांनाच पोकळ वाटत होतं.

शफाअतनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लखनवी माणूस, मधेच तोडणार नाही. मग मऊ आवाजात म्हणाला, "साहब, एक बात कहें, बुरा मत मानिएगा. आप हर साल बोलते हैं, हापुस मत लगाइए. वो आपकी नौकरी है. और हर साल फागुन में इस डाल के नीचे आके खड़े हो जाते हैं. हम देखते हैं ना. नौकरी की बात एक तरफ, मोहब्बत की बात एक तरफ. आदमी जिसको अपने लिए चुनता है, चीज तो वही अच्छी होती है."

दर वर्षी मयेकरांनी जे तोंडानं सांगितलं होतं, ते त्यांच्या फाल्गुनातल्या फेऱ्यांनी पुसून टाकलं होतं. लोक सल्ला देणाऱ्याचे शब्द ऐकत नाहीत, तो काय करतो ते बघतात, हे त्यांना कोणी नवीन सांगायला नको होतं. नव्या मुलांच्या प्रशिक्षणात ते स्वतःच हे सांगत.

शफाअत चहा सांगायला गेला आणि मयेकर एकटे राहिले. ते उठले आणि मागच्या बाजूला गेले, त्या तीस झाडांत. आणि इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांना त्या झाडांवर हापूस दिसला. तीस झाडं, त्यांच्या वडिलांच्या कलमाची. विहिरीजवळचं ते एक झाड गेलं, त्याच्या जागी आता कोणाची तरी गाडी उभी असते; आणि इथं, त्याच्याच काड्यांतून, अख्खी बाग उभी राहते. पुढं शेजाऱ्यांच्या बागा. पंढरीनाथ मयेकरांचं कलम मलिहाबादभर. त्यांना काही करायचंही नव्हतं. नको नको म्हणून झालंच होतं, सल्ला देऊन झाला होता. माणसानं ऐकलं नाही तर तज्ज्ञाचा काय दोष? फक्त गाडीत बसायचं आणि घरी जायचं. इच्छा जबर होती. त्यांनी एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला.

मग त्यांना दिसलं, की ज्या बुंध्यावर हात आहे त्याच्या खोडाला किडीचं भोक होतं आणि ते कापूस कोंबून, वरून मातीनं नीट लिंपलेलं आहे. त्यांच्याच एका गुरुवारच्या संदेशाबरहुकूम. शेजारच्या झाडालाही तसंच. शफाअतनं त्यांचा कुठलाच शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. हा माणूस आपल्यावर विश्वास ठेवून बुडेल, आणि बुडताना आपल्याला दोषही देणार नाही.

ते गाडीशी गेले आणि डिकीतली छाटणीची करवत घेऊन आले.

आधी त्यांनी सातही आंबे हातानं उतरवले, देठ राखून, आणि मच्छरदाणीवर ठेवले. शफाअत चहाचे कप घेऊन येत होता. त्याला वाटलं, फळं उतरवतायत, खुशीत म्हणाला, "अरे साहब, दो-चार दिन और रुकते, डाल पे ही पक जाते." मग करवत लागलेली त्यानं पाहिली आणि कप तिथंच जमिनीवर ठेवले.

"साहब! ये क्या कर रहे हैं! साहब, आपकी डाल है!"

"मेरी है, इसीलिए," मयेकर म्हणाले. "मेरी है, इसीलिए काट रहा हूँ."

मनगटाएवढी फांदी, तिला कितीसा वेळ लागतो? खालून अर्धवट खाप घेतली, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. इतकं सगळं होत असताना हात नियमानंच चालले. फांदी खाली आली तेव्हा शफाअतनं दोन्ही हात पुढं केले होते, धरायला. पण ती त्याच्या हातांत काही आली नाही. तो नुसताच उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याला काहीच कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो साहेबांना 'बैठिए' म्हणाला नाही.

मयेकरांनी सातांतले दोन आंबे त्याच्यापुढं केले. "भूसे में रखिएगा. सात-आठ दिन में तैयार."

"भूसे का पका हम नहीं खाते," शफाअत दुसरीकडं बघत म्हणाला. "हम डाल का टपका खाते हैं." पण आंबे त्यानं घेतले.

मयेकरांनी पडलेल्या फांदीचे तुकडे केले, काड्यांचेसुद्धा, एकही बांधता येऊ नये असे, आणि पाला एका कडेला ओढला. आणि हे करता करता, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, तयार काड्यांतल्या चार त्यांनी कापून पँटच्या खिशात टाकल्या. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. हात आपला आपण चालला.

घरी त्यांनी फळवाल्याकडून गवत आणलं, खोक्यात आंब्यांची अढी लावली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. काड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तोरईच्या, म्हणजे दोडक्यांच्या, मागं दडवल्या. सुरेखानं दुसऱ्याच दिवशी भाजी काढताना त्या बघितल्या. संध्याकाळी ती नर्सरीतून एक मोठी कुंडी आणि तिच्यात लावलेलं रायवळ आंब्याचं रोप घेऊन आली. दोन माळ्यांकडून ते तिसऱ्या मजल्यावर चढवून घेतलं.

"गच्चीवर ठेवू," ती म्हणाली. "मी विचारलंय सोसायटीत. रोज पाणी मी घालीन."

"सुरेखा, इथं ते..."

"मला माहितीये. नाही लागणार. नसू दे. तुमच्या डोळ्यांपुढं तर राहील." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला तुमच्या त्या विहिरीपाशी येता येत नाही हो. निदान कुंडीपाशी तरी येईन."

मयेकर तिच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं आपणच एकटे काहीतरी हरवून बसलो आहोत असं त्यांना वाटत होतं. गच्चीवर एक कुंडी. एवढ्यानं कोणाचं काय बिघडणार?

शनिवार आला आणि गेला. शफाअतचा फोन नाही. गुरुवारचा संदेश मयेकरांनी पाठवला, आंबे उतरल्यावर झाडांना खत किती आणि कुठं द्यायचं त्याचा. पण शफाअतनं तो ऐकल्याची निळी खूण उमटली नाही. दरम्यान पलंगाखालून वास यायला लागला. आधी खोलीत, मग घरभर. मैत्रेयी कॉलेजातून आली आणि दारातच थबकली. "ये कैसी खुशबू है?"

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी पहिला आंबा कापला. सुरी नीट पुसून, ताटलीत, देवापुढं क्षणभर ठेवून. साका, म्हणजे आतला पांढरा नासका गर, नव्हता. आत सगळीकडं एकसारखा केशरी. पहिली फोड त्यांनी मैत्रेयीच्या हातात दिली. ती खात असताना त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. एवढ्या मोठ्या पोरीकडं कोण असं बघतं! पण त्यांना वाटत होतं, आत्ता, या घासाला काहीतरी होईल. आजोबा जातील तिच्यात.

"अच्छा है," मैत्रेयी म्हणाली. मग बापाचा चेहरा पाहून आणखी प्रामाणिकपणे विचार केला. "सच में अच्छा है, बाबा. पर दशहरी ज्यादा मीठा होता है ना?"

"हो," मयेकर म्हणाले. "तुझ्यासाठी दशहरीच."

यात तिची काही चूक नव्हती. ती इथली. तिला जेव्हा कधी लांब कुठं घराची आठवण येईल, तेव्हा तिच्या जिभेवर दशहरीच येईल, बादलीतल्या गार पाण्यात भिजवलेला. हे त्यांना कळलं आणि वाईट वाटलं, आणि कळलं म्हणून थोडं कमी वाटलं.

मग त्यांनी स्वतःची फोड घेतली. तोच. जराही कमी नाही, जराही वेगळा नाही. त्यांचे बाबा विहिरीच्या कठड्यावर बसून कोयतीनं आंबा कापायचे आणि पहिली फोड पुढं करून म्हणायचे, "बघ रे, जमलो काय आंबो?" मयेकर फोड तोंडात धरून बसले. सुरेखा उठून आत गेली, मैत्रेयीलाही खुणेनं घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी शफाअतचा फोन आला.

"आदाब अर्ज है साहब. खैरियत?" नेहमीचं सगळं विचारून झालं, घरचे, तब्येत. मग तो म्हणाला, "मजदूर लौटा दिए थे हमने. पेड़ सब खड़े हैं. बहुत नाराज थे आपसे, सच बताएँ तो. आज वो दोनों आम काटे. भूसे में ही रखे थे. घर में सबने एक-एक फाँक ली. साहब, आपने कितनी बार कहा कि ये यहाँ का नहीं है. ठीक कहा. पूरा बाग हम नहीं करेंगे, आपकी कसम. पर अम्मी ने दूसरी फाँक माँगी. इतनी उमर में उन्होंने कभी कोई चीज दोबारा नहीं माँगी. अगर एक भी कलम कहीं बची हो... बस एक पेड़ पे. आँगन वाले पे. किसी को देंगे नहीं."

मयेकर फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभे होते. समोर फ्रिज. शफाअत खोटं बोलत नव्हता; देणार नाही म्हणाला म्हणजे देणार नाही. पण झाड अंगणात उभं राहील. येणारे-जाणारे बघतील. एखाद्या वर्षी त्याला सात आंबे लागतील. मयेकरांना तो सगळा पुढचा रस्ता स्पष्ट दिसला. तो ते एकदा चालून आले होते. आणि अंगणात नाही तर गच्चीवर, कुंडीत, तरी रस्ता तोच. शफाअत वर्षातून एकदा ईदची शेवई घेऊन घरी यायचाच; कुंडी त्याच्या नजरेतून सुटली नसती.

"नहीं शफाअत भाई," ते म्हणाले. "कुछ नहीं बचा."

"एक भी नहीं?"

"एक भी नहीं."

मग शफाअत हळूच म्हणाला, "अच्छा. खैर. आपका दिल हमसे ज्यादा दुखा होगा," आणि त्यानं फोन ठेवला.

आता बोललेलं खरं करणं भाग होतं. मयेकरांनी खालचा कप्पा ओढला, तोरई बाजूला सारली आणि पिशवी बाहेर काढली. काड्यांचे डोळे टपोरे फुगले होते. एका देठाला त्यांचा अंगठा नुसता लागला आणि तो गळून पडला. त्यांनी पहिली काडी दोन्ही हातांत धरली आणि मोडली. मग दुसरी, तिसरी, चौथी. मोडलेल्या टोकांना चीक आला. आतून अजून हिरव्यागार होत्या. लागल्या असत्या.